फुग्यावरचा ट्रान्सपाँडर: तुम्ही विचारलंत, आम्ही सांगतो

मागच्या अंकात हवामानाच्या फुग्याला हॅम रेडिओचा, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने चालवतात त्या रेडिओचा ट्रान्सपाँडर (खालून आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत खाली पाठवणारा डबा) बांधून तो तीस किलोमीटर उंच कसा सोडतात यावर एक पानभर मजकूर दिला होता, आणि त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी सर्किट मागितलंय त्यांना वेगळं पाठवते.

अमरावतीहून इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी: ताई, फुग्यावर कधी रिपीटर लावतात कधी लिनिअर ट्रान्सपाँडर, तर फरक काय आणि आम्ही कॉलेजात करायचं ठरवलं तर कोणता करू?

फरक मोठा आहे गं. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी तेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, एफएमवर, एका वेळी एकच माणूस. डोंगरांवर बसवलेले असतात ते हेच. फुग्यावर तो बहुतेक वेळा क्रॉसबँड असतो, म्हणजे वर जायला १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि खाली यायला ४३५ च्या आसपास. लिनिअर ट्रान्सपाँडर कोण काय बोलतंय ते उलगडायच्या भानगडीतच पडत नाही, तो बँडचा एक पट्टा, समजा ४०-५० किलोहर्ट्झचा, जसाच्या तसा उचलतो, दुसऱ्या बँडवर सरकवतो, वाढवतो आणि खाली सोडतो. त्या पट्ट्यात एकाच वेळी सातआठ जण असले, कोणी एसएसबीवर, म्हणजे बँडची थोडीच जागा घेणाऱ्या प्रकारात, बोलतंय कोणी मोर्स पाठवतंय, तरी सगळे एकदमच खाली ऐकू येतात. फक्त वरची ताकद सगळ्यांमध्ये वाटली जाते, आणि पंगतीत एकानेच तुपाचं भांडं स्वतःकडे ओढलं तर बाकीच्यांच्या भातावर काय पडणार, तसं एखादा शंभर वॅट लावून ओरडला की बाकी सगळे बसतात. म्हणून स्वतःचा आवाज खाली ऐकत राहायचं आणि ऐकू येईल इतकीच पॉवर ठेवायची, ही लिनिअरवरची पहिली शिस्त.

कोणता करायचा विचारशील तर मी लिनिअरच्या बाजूची आहे, अवघड असला तरी. कारण सांगते. फुगा वर गेला की शेकडो किलोमीटरमधली सगळी हॅम मंडळी त्याला एकदम दिसतात आणि एफएम रिसीव्हरचा स्वभाव असा की दोन सिग्नल आले तर जो जोरदार तोच ऐकू येतो, दुसरा गायब. म्हणजे फुग्याच्या जवळचे, गच्चीवर मोठी अँटेना असलेले बोलत राहतात आणि पाचशे किलोमीटरवरून हातातल्या सेटवर बोलणारा, ज्याच्यासाठी एवढी उंची गाठली, त्याचा नंबरच लागत नाही. एफएमच करायचा असेल तर मग एक नेट कंट्रोल, म्हणजे कोणी कधी बोलायचं ते ठरवणारा, नेमा, तो नाव पुकारेल तोच बोलेल. कडक माणूस नेमा.

नाशिकहून एक वाचक, नवीन लायसन्सवाले: माझ्याकडे फक्त ५ वॅटची हँडी, म्हणजे हातातला सेट आहे. तीस किलोमीटर उंचीवरच्या फुग्यातून मी किती लांब बोलू शकेन?

खूप लांब. हिशोब सोपा आहे, उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज. ३०,००० मीटरला येतात सुमारे ६१८ किलोमीटर आणि रेडिओलहरी हवेत थोड्या वाकतात म्हणून प्रत्यक्षात त्याहून जरा पुढेच. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तिथून हाच हिशोब केला तर १४५ किलोमीटर येतात, यावरून कल्पना करा. पुण्याच्या बरोब्बर वर फुगा आहे असं धरलं तर नागपूर सरळ रेषेत साधारण ६२० किलोमीटर, म्हणजे काठावर. अहमदाबाद आणि हैदराबाद दोन्ही पाचशेच्या आसपास, म्हणजे आतच. आणि खरी गंमत अशी की अहमदाबादचा हॅम आणि हैदराबादचा हॅम, ज्यांच्यात जवळपास नऊशे किलोमीटर अंतर आहे, ते पुण्यावरच्या या डब्यातून एकमेकांशी व्हीएचएफ-यूएचएफवर, म्हणजे याच १४५ आणि ४३५ च्या बँडवर, बोलू शकतात, जिथे एरवी गावाबाहेर पडलं की हँडी मुकी होते.

आता तुमची ५ वॅट. वर जायला ती भरपूर आहे. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही, मोकळी हवा, त्यामुळे फुगा तुम्हाला ६०० किलोमीटरवरूनही चांगला ऐकतो. अडचण उलटी आहे, तुम्हाला फुगा ऐकू येत नाही. वर बॅटरी जपायची म्हणून ट्रान्समीटर जेमतेम अर्धा वॅट, त्यात ४३५ ची फ्रिक्वेन्सी १४५ च्या तिप्पट, त्यामुळे त्याच प्रकारच्या अँटेनावर पोचणारा सिग्नल नऊपट कमी. हँडीला ती रबराची आखूड अँटेना असेल तर दोनअडीचशे किलोमीटरनंतर खरखर वाढायला लागेल. उपाय स्वस्त आहे, पाच-सहा काड्यांची यागी, म्हणजे एकाच दिशेला रोखायची अँटेना, लाकडाच्या पट्टीवर ॲल्युमिनियमच्या नाहीतर पितळी काड्या लावून घरी होते, आणि गच्चीच्या अशा कोपऱ्यात उभं राहायचं जिथून फुग्याच्या दिशेचं क्षितिज उघडं दिसतं. लांबचा फुगा आकाशात अगदी खाली असतो, वर बघून शोधू नका. आणि हातातली अँटेना मनगट फिरवून आडवी-उभी करून बघा कारण डबा दोरीवर झुलत असतो, गोल फिरत असतो, त्यामुळे आवाज येतो-जातो येतो-जातो असं होतं, तुमच्या सेटमध्ये काही बिघाड नसतो. फुगा बरोब्बर डोक्यावर असला तरी आवाज पडतो, उभ्या अँटेनाच्या टोकाच्या दिशेने सिग्नल जवळपास निघतच नाही म्हणून.

कोल्हापूरहून एक ज्येष्ठ वाचक, रेडिओ दुरुस्तीत आयुष्य गेलेले: एकाच डब्यात रिसीव्हर आणि ट्रान्समीटर, तेही एकदम चालू. रिसीव्हर बहिरा होत नाही का?

काका, सगळं दुखणं इथंच आहे बघा आणि लोक फुगा, गॅस, कॅमेरा यावर महिने घालवतात आणि हे शेवटच्या आठवड्यात बघतात. रिसीव्हरला मायक्रोवॉटच्याही खूप खालचा सिग्नल ऐकायचाय आणि वीतभर अंतरावर अर्धा वॅट ओतणारा ट्रान्समीटर बसलाय. डोंगरावर याला मोठाले कॅव्हिटी फिल्टर लावतात, एकेक कित्येक किलोचा, फुग्यावर पूर्ण डबाच एक-दीड किलोचा. म्हणून क्रॉसबँड. दोन बँड इतके लांब असले की छोटे फिल्टर पुरतात.

पण त्यातही बाजू कोणती निवडता ते महत्त्वाचं. खाली यायला १४५ ठेवलं आणि वर जायला ४३५, तर काय होतं ते तुम्ही लगेच ओळखाल, १४५ गुणिले ३ म्हणजे ४३५. ट्रान्समीटरचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर निघणारा नकोसा सिग्नल, थेट स्वतःच्याच रिसीव्हरच्या बँडात. १४५.९ वर पाठवलं तर ४३७.७ वर स्वतःचंच भूत. फ्रिक्वेन्सी चार-दोन किलोहर्ट्झ इकडेतिकडे करून सुटका नाही, ट्रान्समीटरमागे नीट लो-पास फिल्टर लागतो, वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा, आणि रिसीव्हरपुढे बँडपास, फक्त आपला बँड आत सोडणारा. उलट केलं, म्हणजे वर १४५ आणि खाली ४३५, तर हा प्रश्न मुळातच येत नाही, हार्मोनिक वरच निघून जातात. मग रिसीव्हरपुढे एक बँडपास फिल्टर, दोन्ही भागांना वेगवेगळे पत्र्याचे डबे आणि डब्यात शिरणाऱ्या प्रत्येक तारेवर फेराइट मणी, एवढ्यात काम होतं.

तपासायचं कसं तेही सांगते. डबा बंद करून, बॅटरीवर, खऱ्या अँटेना लावून टेबलावर ठेवा. लांबून एक कमकुवत सिग्नल द्या, रिसीव्हरला जेमतेम उघडेल इतकाच. मग ट्रान्समीटर चालू-बंद करत बघा, चालू केल्यावर तोच सिग्नल बुडला तर डिसेन्स आहे, म्हणजे आपल्याच ट्रान्समीटरने रिसीव्हर बहिरा झालाय, डबा सोडायचा नाही. जीपीएस मॉड्यूल आणि कॅमेरा चालू ठेवून पुन्हा करा, कारण स्वस्त कॅमेऱ्याचा कचरा १४५ वर भरपूर येतो. माझ्या मते फुग्यावर कॅमेरा असेल तर तो वेगळ्या डब्यात, दोरीवर दोन-तीन मीटर खाली.

आणि वजनाचा फारच प्रश्न असेल तर पोपट लावा, म्हणजे सिम्प्लेक्स रिपीटर. तो एकाच फ्रिक्वेन्सीवर तुमचं बोलणं चिपवर रेकॉर्ड करतो, तुम्ही थांबलात की तेच परत बोलून दाखवतो. संभाषण संथ होतं पण डिसेन्सचा विषयच संपतो.

पिंपरीहून: वर उणे ऐंशी डिग्री थंडी, तिथे बॅटरी चालते कशी?

आपल्या भागात सगळ्यात जास्त थंडी सोळा-सतरा किलोमीटरवर, उणे ७५ ते ८०, त्याच्या वर गेलं की थोडी ऊब येते, तीसला साधारण उणे ४५. डबा थर्माकोलचा, आतली उष्णता आतच राहते, आणि एकदाच वापरायचे लिथियम एए सेल उणे ४० पर्यंत चालतात, वजन एकेकी १५ ग्रॅम, चार पुरतात. खरा घोळ उलटा होतो. तीस किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीच्या सव्वा टक्काच, म्हणजे उष्णता उचलून न्यायला हवाच नाही, आणि ट्रान्समीटरचा आयसी बाहेर एवढी थंडी असताना तापून बंद पडतो. त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावून उष्णता बाहेर काढायची. पंखा लावू नका, हलवायला हवा नाही.

ठाण्याहून कॉलेजचा एक ग्रुप: आम्हाला डिसेंबरमध्ये सोडायचाय. परवानगी लागते का की लहान आहे म्हणून चालेल?

लागते, लहान असला तरी लागते, आणि ठाण्यातून तर विचारही करू नका, डोक्यावर मुंबई विमानतळाची वर्दळ आहे. दोन वेगळ्या वाटा आहेत. एक विमानवाहतुकीची: डीजीसीए, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, आणि विमानतळ प्राधिकरणाचा हवाई वाहतूक नियंत्रण विभाग, त्यांच्याकडून जागा, तारीख, वेळ मंजूर होऊन वैमानिकांसाठी नोटॅम, म्हणजे सावधानतेची सूचना, निघते. त्याशिवाय पोलिसांना आणि जिल्हा प्रशासनाला पत्र. दुसरी रेडिओची: हॅम लायसन्स हे तुमच्या पत्त्यावरच्या स्टेशनचं असतं, हवेत आपोआप चालणाऱ्या ट्रान्समीटरसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे रेडिओ लायसन्स देणाऱ्या शाखेकडून, लेखी घ्या, फोनवर 'हो चालेल' म्हणाले हे पुरत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ४ किलोच्या आतलं सामान हलक्या वर्गात धरतात आणि दोरी २३० न्यूटनच्या आत तुटणारी हवी, विमानाला अडकलीच तर सुटावी म्हणून. नायलॉनची जाड दोरी वापरू नका. डिसेंबर डोक्यात असेल तर अर्ज जूनमध्ये टाका.

जागा निवडताना वारा बघा. पावसाळ्यात वरच्या हवेत पूर्वेकडून पश्चिमेला जोरदार वारा असतो, फुगा थेट अरबी समुद्रात. हिवाळ्यात जेट विमानं उडतात त्या उंचीला वारा पश्चिमेकडून, डबा पूर्वेला सरकतो, म्हणून घाटाच्या पूर्वेला उघड्या माळावरून सोडणं बरं. केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या स्पेसफ्लाइट ग्रुपने बनवलेला लँडिंग प्रेडिक्टर आहे, जागा, वेळ, चढायचा वेग टाकला की डबा कुठे पडेल ते नकाशावर दाखवतो, आठवडाभर आधीपासून रोज बघत राहा. साधा हिशोब: चढायचा वेग सेकंदाला पाच मीटर, म्हणजे तीस किलोमीटरला शंभर मिनिटं, तोवर फुग्याचा व्यास चौपट होतो, फुटतो, मग पॅराशूटवर अर्धापाऊण तास. घनमीटरभर हेलियम साधारण एक किलो उचलतो. हायड्रोजन स्वस्त पडतो पण पहिल्या वेळी जाणकार माणूस बरोबर नसेल तर हात लावू नका.

एक अजून, जीपीएस. बरेच मॉड्यूल १८ किलोमीटरच्या वर गेले की उंची सांगणं थांबवतात, निर्यातीच्या जुन्या नियमांमुळे. एअरबोर्न मोड असलेलं घ्या आणि तो मोड दर वेळी चालू केल्यावर पुन्हा सेट होतोय ना ते बघा. आणि डबा कुठे आहे ते कळवणाऱ्या ट्रॅकरला ट्रान्सपाँडरपेक्षा वेगळी बॅटरी.

नांदेड जिल्ह्यातून एक शेतकरी वाचक: आमच्याकडे कधीकधी आकाशातून फुगा आणि डबा पडतो. तो तुमच्यासारख्यांचाच का? हात लावावा का?

बहुतेक वेळा तो दोन ठिकाणांपैकी एकाचा असतो. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, टीआयएफआरचं, बलून केंद्र आहे, तिथून संशोधनाचे प्रचंड प्लास्टिकचे फुगे हिवाळ्याच्या मोसमात सोडतात आणि त्यांची उपकरणं तेलंगण, कर्नाटक आणि आपल्या मराठवाडा-विदर्भात उतरतात. त्यावर पत्ता आणि सूचना लिहिलेली असते. उघडू नका, हलवू नका, पोलीस ठाण्यात कळवा, त्या डब्यात काही महिन्यांची नाही वर्षांची मेहनत असते. दुसरा म्हणजे हवामान खात्याचा रेडिओसोंड, वरच्या हवेची मोजमापं रेडिओने खाली पाठवणारा, मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सोडतात, तो हलका असतो, हाताच्या मुठीएवढा किंवा थोडा मोठा. हॅमवाल्यांचा डबा सापडला तर त्यावर मराठीत मोबाइल नंबर असेल, नसेल तर तो लावणाऱ्यांचा दोष. बॅटरी मात्र काढून विस्तवात टाकू नका. आणि काका, तुमच्यासारखा एक फोन आला की मुलांचा सगळा प्रयोग वाचतो.

मडगावहून: एवढे उपग्रह असताना फुग्याचा खटाटोप कशाला?

कारण बरेच उपग्रह आधी फुग्यावरच शिकलेत. फिनलंडमध्ये मे १९६७ मध्ये हॅम मंडळींनी इल्मारी नावाचा फुगा सोडला होता. जर्मनीत त्याच काळात आर्टोब नावाचे फुगे उडायचे, त्यावर ट्रान्सपाँडर असायचा, आणि त्याच जर्मन मंडळींतल्या कार्ल माइन्झर यांनी पुढे ऑस्कर-७ उपग्रहाचा ट्रान्सपाँडर बनवला. तो उपग्रह १५ नोव्हेंबर १९७४ ला गेला, १९८१ मध्ये बॅटरी जाऊन मेला, आणि २००२ मध्ये एकदम परत बोलायला लागला, बॅटरी अशी तुटली की सौरपट्ट्यांची वीज थेट मिळायला लागली, ऊन असेल तेव्हा चालू. आपल्याकडे इस्रोने ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ वर कार्टोसॅट-१ च्या जोडीला हॅमसॅट पाठवला, साडेबेचाळीस किलोचा, त्यात दोन ट्रान्सपाँडर, एक भारतीय आणि एक एका डच हॅमने बनवलेला. २०१४ पर्यंत चालला. वर जायला ४३५, खाली यायला १४५, म्हणजे कोल्हापूरच्या काकांना सांगितलेला तिसऱ्या हार्मोनिकचा त्रास त्यांनीही सोडवलेला होता.

आणि उपग्रह डोक्यावरून दहा मिनिटांत निघून जातो, फुगा दोन तास तिथेच. डॉपलर, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते ती, नावाला, ताशी शंभर किलोमीटरने वाहिला तरी ४३५ वर चाळीस हर्ट्झ. सगळ्यात मोठं म्हणजे डबा परत येतो, उघडून बघता येतं काय तापलं, कुठली सोल्डर सुटली. उपग्रहाचं असं होत नाही.

सांगलीहून: २०१९ च्या पुरात मोबाइल बंद पडले होते. अशा वेळी फुगा सोडून संपर्क ठेवता येईल?

तुमची कळकळ समजते पण माझं स्पष्ट मत, त्यावर विसंबू नका. मोकळा सोडलेला फुगा दोन-अडीच तासांत संपतो, पावसात-वाऱ्यात सोडणं कठीण, आणि पडेल कुठे सांगता येत नाही. २०१७ मध्ये पोर्तो रिकोत चक्रीवादळानंतर प्रोजेक्ट लूनच्या फुग्यांनी मोबाइलसेवा दिली खरी, पण ते महिनोन्‌महिने टिकणारे फुगे होते, पाठीशी मोठी कंपनी होती, आणि तोही प्रकल्प २०२१ मध्ये बंद झाला. पुरासाठी जवळच्या डोंगरावर क्रॉसबँड चालणारा साधा रिग, म्हणजे गाडीत लावतात तो रेडिओ सेट, कारची बॅटरी आणि सौरपट्टी ठेवा, दिवसभर चालेल, आणि पावसाळ्याआधी दर रविवारी त्यावर नेट, म्हणजे ठरल्या वेळी सगळ्यांनी रेडिओवर जमायची बैठक, घ्या.

साताऱ्याहून नववीतला एक मुलगा: मला यात यायचंय पण फुगा कधी उडेल माहीत नाही. तोपर्यंत काय करू?

अरे, तोपर्यंत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सराव कर. २०२० पासून तिथे क्रॉसबँड रिपीटर आहे, फुग्यासारखाच, वर १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह आणि खाली ४३७.८००. तो सगळाच वेळ चालू नसतो, कधी त्याच उपकरणावर दुसरे प्रयोग असतात. सुरुवातीला तुझ्या भागातल्या लायसन्सवाल्या हॅमकडे जा आणि त्यांच्याबरोबर ऐक. स्थानकाच्या वेगामुळे डॉपलर मोठा असतो, म्हणून ते उगवताना ४३७.८१० लाव, डोक्यावर आलं की ४३७.८००, मावळताना ४३७.७९०, ही हाताची सवय झाली की फुगा सोपा वाटेल. वहीत वेळ, दिशा, ऐकू आलेला कॉलसाइन, म्हणजे त्या स्टेशनचं ओळखनाव, लिहीत जा. आणि एएसओसीच्या, म्हणजे हॅम लायसन्ससाठीच्या परीक्षेचा अभ्यास सुरू कर, बारा वर्षं पूर्ण झाली की बसता येतं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, त्याचा कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतो. घरच्यांची सही आणि कागदपत्रं आधी जमवून ठेव, अर्जापासून लायसन्स हातात यायला वेळ लागतो.